माझं नाव कोणाला दिलं? : दुसरं बाळ घरी आल्यानंतरचं एक प्रकरण

हे प्रकरण त्या कुटुंबाच्या लेखी परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव कोणाचंच दिलेलं नाही. मोठ्या मुलीला मी थोरली म्हणेन आणि बाळाला बाळच. थोरलीला घरात ज्या नावाने हाक मारतात ते दोन अक्षरी आहे. ते लिहिलं असतं तर वाचायला सोपं गेलं असतं, पण या सगळ्या गोष्टीत त्या नावाचं मोल फार मोठं आहे, म्हणून ते तिच्याकडेच राहू दे.

मी बालसमुपदेशक आहे. पुण्यात कर्वेनगरमध्ये एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आठवड्यातले तीन दिवस बसते. दुसरं बाळ आल्यावर मोठं मूल हट्टी झालं, मारकुटं झालं, अशी तक्रार घेऊन येणारी घरं वर्षभर येतच असतात. तरी हे एक प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण यात घरातल्या सगळ्यांचं निदान एकच होतं आणि ते चुकीचं होतं. सुरुवातीला माझंही थोडं चुकलं.

तक्रार

जूनचा दुसरा आठवडा होता. सात आठवड्यांच्या बाळाला दीड महिन्याची लस द्यायला आई-बाबा आले होते. लस आठवडाभर लांबली होती, कारण सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडणंच जमत नव्हतं. बरोबर थोरली होती, वय तीन वर्षं दहा महिने. डॉक्टर बाळाचं वजन करत असताना खोलीत वास आला. आईने बाळाचा लंगोट चाचपला, तो कोरडा होता. मग तिने थोरलीकडे पाहिलं. "आजपण?" एवढंच ती म्हणाली. थोरली मागे सरकत गेली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

मग बाबांनी सगळं सांगितलं. तीन आठवडे झाले, रोज थोडी थोडी शी चड्डीत होते. दिवसातून तीनदा, कधी चारदा. दीड वर्षापासून नीट सांगणारी मुलगी, आता विचारलं तर म्हणते, "मला कळलंच नाही." बाळ झोपलेलं असताना एकदा त्याच्या पोटावर दोन्ही हातांनी दाबलं. आईशी धड बोलत नाही. जेवण, आंघोळ, वेणी, सगळं आजीकडून. ताई म्हणून हाक मारली तर ओ देत नाही, ऐकू आलं नाही असं दाखवते. "बाळाचा मत्सर करते हो," बाबा म्हणाले. "मुद्दाम करते. शी पण मुद्दामच."

डॉक्टरांनी थोरलीला टेबलावर झोपवलं आणि पोट चाचपलं. खाली डाव्या बाजूला कडक गोळा हाताला लागत होता. तो साठलेल्या शीचा होता.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण या वयात हे फार घरांत होतं आणि बहुतेक ठिकाणी मुलालाच रागवलं जातं. एखाद्या वेळी शी करताना दुखलं, किंवा जागा अनोळखी वाटली, की मूल शी दाबून धरतं. आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती अजून कडक होते, पुढच्या वेळी अजून दुखतं, मूल अजून धरतं. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग ताणत जातो आणि ताणल्यामुळे शी लागल्याची जाणीव बोथट होते. मग मागून येणारी पातळ शी त्या गोळ्याच्या कडेकडेने झिरपून चड्डीत येते. मुलाला ती थोपवता येत नाही आणि बऱ्याचदा खरोखरच कळत नाही.

म्हणजे तीन आठवडे थोरली खरं बोलत होती.

डॉक्टरांनी शी मऊ करणारी पावडर लिहून दिली, पॉलीइथिलीन ग्लायकॉलची. पोट साफ झालं म्हणून लगेच बंद करायची नाही, काही महिने घ्यावी लागेल, ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो, हे त्यांनी बाबांना दोनदा सांगितलं. मग मला आत बोलावलं. "औषध मी देतो. तिने धरायला सुरुवात का केली, ते तुम्ही बघा."

घर

वारज्यात तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. आई, बाबा, बाबांची आई, थोरली आणि आता बाळ. संडास आणि बाथरूम एकत्र, एकच. हा तपशील पुढे महत्त्वाचा आहे.

थोरली जन्मली तेव्हा आई सांगलीला माहेरी होती. पाच महिने माहेरपण झालं. दुसरं मात्र सासरी, तशी रीतच आहे, आणि थोरलीची शाळाही जूनमध्ये सुरू व्हायची होती. सांगलीची आजी पंधरा दिवस आली, पण तिचे गुडघे तीन मजले चढू देईनात, लिफ्ट आठवड्यातून दोन दिवस बंद. ती परत गेल्यावर बाळंतिणीचं सगळं सासूबाईंवर आलं. त्यांचं वय सदुसष्ट.

आई हिंजवडीत नोकरीला आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती तिने घेतली होती. बाबा चाकणला एका कारखान्यात आहेत. खाजगी नोकरीतल्या वडिलांना अशी रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, यांना साठलेल्या रजेतले पाच मिळाले आणि ते पाचही दिवस दवाखान्यात गेले. सहाव्या दिवशी पहाटे पावणेसहाच्या कंपनीच्या बसला ते उभे होते. बाळंतपणाच्या कोणत्याही चर्चेत हे मला आधी मांडावंसं वाटतं. ज्या आठवड्यात मोठ्या मुलाला बापाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका त्याच आठवड्यात तो घरात नसतो.

बाळंतपणाची रात्र मी तिघांकडून वेगवेगळी ऐकली. सिझेरियनची तारीख ठरलेली होती, पण आठ दिवस आधीच रात्री दोनला कळा सुरू झाल्या. बाबांनी झोपलेल्या थोरलीला तसंच उचललं आणि हडपसरला आत्याकडे नेऊन ठेवलं. ती जागी झाली ती अनोळखी पलंगावर. आई कुठे आहे, तर "बाळ आणायला गेलीय." कुठून, कधी येणार, हे कोणी सांगितलं नाही, कारण कोणालाच माहीत नव्हतं. त्याआधी तिने आईशिवाय एकही रात्र काढली नव्हती. पाच दिवस ती आत्याकडे होती. आत्याच्या घरी कमोड आहे. त्यावर बसलं की तिचे पाय अधांतरी लोंबायचे. घरी ती भारतीय संडासात उकिडवी बसायची सवय. आत्याला आठवतं, त्या पाच दिवसांत तिने एकदाही शी केली नाही. आत्याला वाटलं, नवीन जागा आहे, होईल. जेवत नाही म्हणून दिवसाला तीन-तीन पेले दूध दिलं गेलं. पोटात चोथा काही नाही आणि वर एवढं दूध, यानेही शी घट्ट होते.

दारातला व्हिडिओ

बाळ घरी आलं त्या दिवशीचा व्हिडिओ आईने मला मोबाइलवर दाखवला. दोन मिनिटांच्या आतला आहे. उंबऱ्याबाहेर आई बाळाला घेऊन उभी, आजी भाकरतुकडा ओवाळते, शेजारच्या काकू डोळ्याला पदर लावतात. सगळे कॅमेऱ्याकडे किंवा बाळाकडे बघतात. थोरली आतल्या बाजूला चपलांच्या कपाटापाशी उभी आहे आणि ती बाळाकडे बघतच नाही. तिची नजर आईच्या पायांकडे आहे. टाके असल्यामुळे आईला वाकता येत नाही, ती बाबांच्या खांद्याला धरून पायानेच चपला काढते आणि आत येते. थोरली खाली बसते, त्या दोन चपला उचलते, फ्रॉकला धरून छातीशी आवळते आणि चौकटीतून निघून जाते. व्हिडिओ पुढे चालू राहतो. त्यात ती पुन्हा दिसत नाही.

चपला दुसऱ्या दिवशी गॅसच्या सिलिंडरमागे सापडल्या. त्यानंतर एकदा वॉशिंग मशीनमध्ये, एकदा आजीच्या देवघराखाली. दर वेळी बोलणी बसली. "खोड्या वाढल्यात," असं आजी म्हणायच्या.

आईला मी विचारलं, "चपला नसतील तर काय होईल, असं तिला वाटत असेल?" आई मोबाइलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला जाता येणार नाही."

सकाळची पंधरा मिनिटं

पहिल्या भेटीनंतर मी घरच्यांना एक काम देते. बाळ यायच्या आधीचा मोठ्या मुलाचा दिवस आणि आताचा दिवस, दोन्ही शेजारी शेजारी लिहून काढायचे, सकाळी डोळे उघडल्यापासून. बहुतेकांना वाटतं एकच बदल झालाय, घरात बाळ आलंय. कागद भरला की दिसतं, बाळाच्या निमित्ताने आपण मुलाच्या आयुष्यातल्या आठ-दहा गोष्टी एका महिन्यात हलवलेल्या असतात. थोरलीच्या कागदावर होतं: आईच्या कुशीतून आजीच्या गादीवर, तिची छोटी दुलई बाळाला, आंघोळ आजीकडून, संध्याकाळी खाली खेळायला जाणं बंद, त्यात नवीन शाळा. हे सगळं ज्या-त्या वेळी शहाणपणाचंच वाटलं होतं. एकेक गोष्ट सुटी बघितली तर मलाही त्यात वावगं काही दिसत नाही.

पण एका ओळीवर मी थांबले. आधीच्या रकान्यात आईने लिहिलं होतं: "साडेआठ ते पावणेनऊ, शी. मी बाहेर बसते." नंतरच्या रकान्यात त्या वेळेसमोर लिहिलं होतं: "मालिशवाल्या मावशी, बाळाची आंघोळ."

"बाहेर बसते म्हणजे?" मी विचारलं.

आई थोडी लाजली. थोरली दोन वर्षांची असल्यापासून रोज सकाळी संडासाचं दार अर्धं उघडं ठेवून ती बाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची आणि खिडकीतल्या पालीची गोष्ट सांगायची. रोज पुढचा भाग. पाल कधी सिंहगडावर गेली, कधी मंडईत भाजी आणायला. ऑफिसची बस पकडायच्या आधीची ती पंधरा मिनिटं दोघींची होती. घरातल्या इतर कोणाला त्या गोष्टीतलं काहीच माहीत नव्हतं. बाळंतपणाच्या आदल्या सकाळी पाल स्वारगेटला एसटीत बसली होती. त्यानंतर सात आठवडे ती एसटीतच होती.

आत्याकडे पाच दिवस धरून घरी आलेल्या मुलीला पहिल्या सकाळी लागली असणार. त्या वेळी बाथरूममध्ये गरम पाण्याच्या बादल्या, पाट, मावशी आणि बाळ. आईला बाहेर स्टुलावर बसायचं तर सोडाच, पलंगावरून उठायलाही हात लागत होता. थोरलीने पुन्हा धरलं. नंतर कधीतरी झाली तेव्हा दुखलं, थोडं रक्तही दिसलं होतं असं आजींना मागून आठवलं. एवढ्यावर पुढचं सगळं घडून गेलं.

मत्सराचं म्हणाल, तर सात आठवड्यांत बाळाला तिने एकदा दाबलं. ते गंभीर आहे, आणि एवढ्या लहान मुलासोबत तान्ह्याला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही, हे मी घरच्यांना अगदी ठामपणे सांगितलं. पण तिने दाबलं कुठे, तर पोटावर. दुखत होतं तिच्या पोटात.

बाहुल्या

दुसऱ्या भेटीत थोरली एकटी माझ्या खोलीत बसायला तयार झाली. माझ्याकडे कापडी बाहुल्यांचं एक घर आहे. मी काही विचारत नाही, मूल मांडतं ते बघते. तिने पाळणा मधोमध ठेवला. त्यात छोटी बाहुली घातली, भोवती सगळ्या बायका उभ्या केल्या. एकीला पाळण्यावर वाकवून तिने स्वतःच आवाज काढला, "कुर्रर्र." बारसं चाललं होतं. तिच्या भावाचं बारसं बाराव्या दिवशी घरच्या घरी झालं होतं आणि आत्याने त्याच्या कानात नाव सांगितलं होतं.

एक मधल्या उंचीची बाहुली तिने घराच्या बाहेर, फरशीवर ठेवली.

"ही कोण?"

"ताई."

"हिचं नाव काय?"

"नाव नाहीये. ती ताई आहे."

"नाव नाही होय?"

"होतं. आता दिलं." तिने पाळण्याकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, "पण बाळाचं नाव तर वेगळं आहे ना?" मी तिच्या भावाचं नाव घेतलं. ती बराच वेळ गप्प बसली, बाहुलीच्या फ्रॉकची नाडी ओढत. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग माझं नाव कोणाला दिलं?"

मी इतकी वर्षं हे काम करते, पण हा प्रश्न मला सुचला नसता. तिच्या बाजूने पाहिलं तर मात्र त्यात काहीच चूक नव्हती. महिनाभर घरात काय चाललं होतं? तिची झबली काढली, "तुला लहान होतात, बाळाला देऊया." तिची टोपरी, दुलई, पाळणा, खुळखुळा, सगळं बाळाला. मग एके दिवशी पाहुणे जमले, बाळाला नाव दिलं, पेढे वाटले. आणि त्याच दिवसापासून आजी, आत्या, शेजारच्या काकू, अगदी बाबासुद्धा तिला "ताई" म्हणू लागले. "ताई, इकडे ये." "ताई ना तू आता? ताई रडतात का?" घरात जे जे तिला लहान झालं ते बाळाला गेलं, तसं नावही गेलं असणार. ती ओ देत नव्हती, कारण ती हाक तिची नव्हती.

आई

थोरलीविषयी बोलताना आई शांत होती. तिसऱ्या भेटीत तिला तिच्याविषयी विचारलं तेव्हा ती रडली. घरी आल्यावर पहिल्या रात्री थोरलीचा हात तिच्या गालावर पडला, तेव्हा तो हात तिला एकदम मोठा, जड, परका वाटला. "माझ्याच मुलीचा हात, आणि मला तो बाजूला करावासा वाटला. मॅडम, माझं प्रेम आटलं का हो?"

हे कितीतरी आयांच्या बाबतीत होतं आणि बहुतेक जणी ते कोणाला सांगत नाहीत. चोवीस तास तान्ह्याचा हात हातात असल्यावर चार वर्षांच्या मुलाचा पंजा राक्षसी वाटतो. काही आठवड्यांत नजर पुन्हा बसते. मी तिला तेच सांगितलं आणि तिच्याकडून एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेले हे दहा प्रश्न आहेत, एकूण गुण ३०. तिचे आले ११. स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या शेवटच्या प्रश्नाला शून्य. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, भरून येणं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. त्यानंतर इतक्या आठवड्यांनी ११ म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवलं की दोन आठवड्यांनी पुन्हा भरायची आणि गुण वाढले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. तोवर रात्री सलग चार तास झोप कशी मिळेल ते बघायचं. दहा वाजताचं पाजून झालं की बाळ बाबांकडे: ढेकर काढणं, लंगोट बदलणं, जोजवणं. दोनपर्यंत आई आजीच्या खोलीत. दोन आठवड्यांनी गुण ६ होते.

हिशेब मांडून दाखवणं मला इथे उपयोगी पडलं. बाळ दिवसाला दहा वेळा पितं, एका वेळी पंचवीस मिनिटं धरली तरी चार तासांच्या वर जातात. ते चार तास आईने थोरलीवर अन्याय केलेला नाही, ती काम करत होती. पण थोरलीच्या वाट्याला नेमकं काय गेलं पाहिजे, ते रोज चार तास नव्हतंच. ती पंधरा मिनिटं होती.

काय केलं, काय फसलं

आधी माझी चूक सांगते. पहिल्याच भेटीत, बाहुल्यांच्या आधी, मी नेहमीचा सल्ला दिला होता: थोरलीला बाळाच्या कामात सामील करा, दुपटं आणायला सांगा, पावडरचा डबा धरायला द्या. पुष्कळ मुलांना ते आवडतं. हिचं बिनसलं. तिला आणखी एक काम लागलं, तेही बाळाचंच, आणि तेही "ताई, जरा आण गं" म्हणून. चार दिवसांत तिने दुपट्यांची चळत बादलीत बुडवली. जूनच्या पावसात आधीच दुपटी वाळत नव्हती, घरभर दोऱ्या बांधलेल्या. आजी रडकुंडीला आल्या. तो सल्ला मी मागे घेतला आणि माझं चुकलं असं घरच्यांना सांगितलं.

बाबांनी स्वतःच्या मनाने बाळाकडून म्हणून तिला भातुकलीचा मोठा संच आणला होता. तिने विचारलं, "त्याला मूठ पण उघडता येत नाही. त्याने पैसे कसे दिले?" संच तसाच पडून राहिला. एका रविवारी ते तिला पेशवे उद्यानात फुलराणीत बसवायला घेऊन गेले. १९५६ पासूनच्या त्या छोट्या गाडीत ते स्वतः लहानपणी बसले होते. थोरली एक फेरी बसली आणि उतरल्यावर आईसाठी रडली. बाबांना वाईट वाटलं. बाबांनी तिला वेळ दिला हे चांगलंच झालं, पुढे त्यांचे रविवार छान जमले. पण हरवलेली वस्तू ही नव्हती.

जमलं ते असं. मालिशवाल्या मावशींची वेळ बदलली. सांगायला सोपं, करायला अवघड: त्यांची चार घरं ठरलेली, साडेआठला वारजे, मग पुढचं घर. आजींनी त्यांना चहाला बसवून सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "आधी का नाही बोललात? पोरीचं पोट महत्त्वाचं का मालिश?" बाळाची आंघोळ अकराला गेली, तेव्हा थोरली शाळेत असते. साडेआठला बाथरूम मोकळं. नाश्ता झाला की आतड्याची हालचाल वाढते, म्हणून नाश्त्यानंतर लगेच दहा मिनिटं बसायचं, झाली तर झाली, नाही तर नाही, जबरदस्ती नाही, बक्षीस नाही. बाहेर स्टुलावर आई. बाळ रडलं तर आजी घेतील, आईने उठायचं नाही. पहिल्या दिवशी बाळ नऊ मिनिटं रडलं. आई उठली नाही. एसटी साताऱ्याला पोचली.

दूध एक पेला, त्याऐवजी भाजी-भाकरी, पपई, भिजवलेले मनुके, पाणी. शाळेतल्या बाईंना सगळं सांगितलं आणि दप्तरात जादा चड्डी ठेवली. चड्डी खराब झाली की बोलायचं नाही, चेहरा वाकडा करायचा नाही, धुवायची आणि संपलं. हे सगळ्यात जास्त जड गेलं ते बाबांना, कारण तीन आठवडे आपण खोटारडी म्हणून तिला रागावलो हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. शेवटी मी म्हटलं, तिलाच सांगा. त्यांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "तुला कळत नव्हतं, हे बाबांना कळत नव्हतं." तिने "हं" केलं.

मधे एक दिवस थोरलीने आईकडे अंगावरचं दूध मागितलं. आजी म्हणाल्या, एवढी मोठी झाली आणि काय हे. आईने मला फोन केला. मी म्हटलं, तुमची तयारी असेल तर द्या, नसेल तर जवळ घ्या, यात वाईट काही नाही. आईने जवळ घेतलं. थोरलीने तोंड लावलं, "गोड आहे," म्हणाली आणि खेळायला गेली. पुन्हा मागितलं नाही.

आणि नाव. मी सगळ्यांना सांगितलं, आजपासून ताई ही हाक बंद. बाळ बोलायला लागेल तेव्हा तिला ताई म्हणण्याचा हक्क त्याचा. बाकी सगळ्यांनी नावाने हाक मारायची. आजींना ते पटेना. "माझ्या तोंडात बसलंय. आणि त्यात वाईट काय? मान आहे तो." मी त्यांना विचारलं, "आजी, तुम्ही घरात कितव्या?" पाच भावंडांत थोरल्या. चौथ्या वर्षी पाठची बहीण झाली, तेव्हापासून अक्का. आई-वडीलही अक्काच म्हणायचे. लग्नात नाव बदललं. "माझं आधीचं नाव," असं म्हणून त्या थांबल्या, आणि मग त्यांनी ते मला सांगितलं. "हे नाव घेणारं आता कोणी उरलं नाही."

त्या दिवसानंतर घरात ताई म्हणणाऱ्यांना टोकायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलं. बालरोगतज्ज्ञांनी बाळगुटीतला मध बंद करायला सांगितला होता, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. त्यावरून त्या थोड्या नाराज होत्या, तीही नाराजी गेली.

पुढे

चड्डीत होणं दुसऱ्या आठवड्यात कमी झालं आणि जुलै संपता संपता थांबलं. पावडर चालू ठेवली. ऑगस्टमध्ये शाळेत सर्दी-तापाची साथ आली, दोन दिवस पुन्हा घोटाळा झाला. घरचे घाबरले नाहीत. ऑक्टोबरपासून डॉक्टरांनी मात्रा हळूहळू कमी करायला घेतली आहे. बाळाला तिने नंतर दाबलं नाही, एकदा चावली. बाळ आता पालथं पडतं आणि तिच्या खडूंपर्यंत पोचतं, त्यामुळे भांडणं आहेतच. ती भावंडांची भांडणं आहेत, त्यासाठी माझी गरज नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईची रजा संपली. आदल्या आठवडाभर आम्ही तयारी केली होती: आई कधी जाईल, कधी येईल, तेव्हा बाळ काय करत असेल, आजी काय करत असतील, सगळं थोरलीला आधी सांगून. त्या सकाळी आईच्या चपला सापडल्या नाहीत. आईने शोधल्या नाहीत. पावसाळी सँडल घातले, थोरलीला नावाने हाक मारली आणि सांगितलं, "मी जाते. सहा वाजता येते."

हिंजवडीच्या रस्त्याला गर्दी होती, यायला सहा वाजून वीस मिनिटं झाली. दार उघडलं तेव्हा चपला उंबऱ्याच्या आत ठेवलेल्या होत्या, जोडीने, टोकं घराकडे करून.